तासगावचं स्थळ

"रविवारी तुम्हाला बघायला माणसं येणार आहेत," मी म्हणाले, आणि अक्का भिंतीकडून माझ्याकडे वळली.

मंगळवार होता. मी शाळेतून नुकतीच आले होते, पायांतली चप्पलही काढली नव्हती. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद, इंदुमती. पुढच्या खोलीतल्या लोखंडी कॉटवर ती पडून असायची. सकाळी मी निघताना ज्या कुशीवर, संध्याकाळी परतताना त्याच कुशीवर. त्यामुळे ती वळली म्हणजे काय झालं, हे त्या वर्षी आमच्या घरात राहिलेल्यालाच कळेल.

"कुठली माणसं?" तिनं विचारलं.

"तासगावची. मुलगा शिक्षक आहे. बिजवर आहे, पण वय फार नाही, चाळीस. पहिल्या बायकोची एक मुलगी आहे."

"कुठल्या रविवारी?"

"ह्याच."

"ह्याच?" ती उठून बसली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "नक्की?"

"नक्की म्हणजे काय, निरोप आलाय माझ्या मैत्रिणीकडून."

"बरं," अक्का म्हणाली आणि तिनं पाय कॉटखाली सोडले.

यातला एक शब्दही खरा नव्हता. तासगावात माझं कोणी नव्हतं, आजही नाही. ते गाव मी दुपारच्या सुट्टीत वह्या तपासताना निवडलं होतं, कारण ते फार लांबही नव्हतं आणि तिथं चौकशीला जाईल असं आमच्याकडे कोणी नव्हतं. शिक्षक, बिजवर, एक मुलगी, हे सगळं मी शाळेतून घरी येईपर्यंतच्या वाटेवर जुळवलं. खोटं सांगायचं तर त्यात थोडं उणं ठेवावं, म्हणजे ते पटतं. प्रथमवर डॉक्टर सांगितला असता तर अक्का हसली असती.

आम्ही तेव्हा कराडजवळच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. तीन खोल्या, मागं मोरी आणि नळ. माझा नवरा रंगराव कारखान्याच्या शेतकी खात्यात कारकून होता आणि मी वसाहतीतल्याच शाळेत शिकवत होते. सासूबाई जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. त्या आठ महिने अंथरुणाला खिळून होत्या आणि त्यांचं सगळं अक्कानं केलं होतं, एकटीनं, हूं की चूं न करता. त्या गेल्या आणि अक्कानं हातातलं काम खाली ठेवलं ते पुन्हा उचललंच नाही. वय छत्तीस. पंचवीस-तीस वेळा तरी तिला दाखवून झालं होतं, आणि दर वेळी आठ दिवसांनी पोस्टकार्ड यायचं की योग नाही. पुढं ती पोस्टकार्डंही यायची बंद झाली.

आज या पडून राहण्याला नावं आहेत, गोळ्या आहेत. तेव्हा आमच्या वसाहतीत एकच नाव होतं, आळस. आणि ते मी सर्वांत मोठ्यानं घ्यायची. घराची दशा काय सांगू. मांडणीवरच्या पितळी डब्यांवर काळा थर, कोपऱ्याकोपऱ्यात जळमटं, वाकळांना कुबट वास. खरं सांगायचं तर मलाही केरसुणी हातात धरवत नव्हती. शाळेतून आलं की मी चहा प्यायची आणि मुकाट्यानं स्वयंपाकाला लागायची; बाकीचं घर माझ्या डोळ्यांना दिसेनासं झालं होतं. पण माझ्या न करण्याला नोकरी म्हणायचे आणि अक्काच्या न करण्याला आळस, त्यामुळे बोलायचा हक्क माझ्याकडे होता. मी तो भरपूर वापरला. टेबलावरच्या धुळीत मी बोटानं तारीख लिहून ठेवायची, ती पुसते का बघायला. आठवड्यानं त्याखाली दुसरी तारीख लिहायची.

त्या वर्षी रंगरावानं ठरवलं की नवरात्राचे घट बसवायचेच. सुतकाचं वर्ष म्हणून मागच्या खेपेला बसवले नव्हते. घट बसवायचे म्हणजे सगळं घर उतरवून, धुऊन-पुसून चढवायचं. घटस्थापना पुढच्या शुक्रवारी, आणि माझ्या डोक्यावर चाचणीच्या शंभर वह्या. माझी आई म्हणायची, घर आवरावंसं वाटत नसेल तर कोणाला तरी जेवायला बोलवावं, पाहुणा येणार म्हटलं की हात आपोआप उठतात. मी विचार केला, अक्काचे हात उठवायला साधा पाहुणा पुरणार नाही.

रंगरावाला मी त्याच संध्याकाळी सांगितलं, मोरीपाशी, हळू आवाजात. त्याचा आधी विश्वास बसेना. मग तो म्हणाला की हे काही बरं नाही. मी म्हटलं, मग तुम्ही काढा जळमटं. त्यानं विचारलं, रविवारी संध्याकाळी काय सांगणार? मी म्हटलं, सांगू काहीही, तुम्ही फाट्यावर पाहुण्यांना आणायला जा आणि निरोप घेऊन परत या. त्यावर तो हसला. मोठ्यानं नाही, पण हसला. तेवढ्यात आतून डबे उतरवल्याचा आवाज आला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

पुढचे चार दिवस मी कधी विसरणार नाही. अक्कानं पदर खोचला आणि घर अंगावर घेतलं. बुधवारी मी परत आले तेव्हा सगळे पितळी डबे चिंचेनं घासून अंगणात उन्हाला लावलेले होते आणि ती स्टुलावर चढून जळमटं काढत होती. मला म्हणाली, "चप्पल काढ आणि खालनं स्टूल धर." मी धरलं. तिथून पुढं काय झालं ते कळलंच नाही, रात्रीच्या जेवणापर्यंत मी तिच्या हाताखाली राबत होते. तिनं सांगायचं आणि मी करायचं. वह्या तशाच पडल्या. गुरुवारी आम्ही दोघी वाकळा घेऊन कालव्यावर गेलो. ओली वाकळ पिळायला दोन माणसं लागतात, एकानं इकडनं पीळ द्यायचा, दुसऱ्यानं तिकडनं. मी चुकीच्या बाजूनं पीळ दिला आणि सगळं पाणी माझ्याच अंगावर आलं. अक्का इतकी हसली की तिला कालव्याच्या काठावर बसावं लागलं. लग्न होऊन मला तीन वर्षं झाली होती आणि मी तिचे सगळे दात पहिल्यांदा बघत होते.

हसताना ती चांगली दिसायची. आमचं जमायलाही लागलं होतं. ती मला सासूबाईंच्या गोष्टी सांगायची, वसाहतीतल्या बायकांच्या नकला करायची. संध्याकाळी मी शाळेतून झपाझप पावलं टाकत घरी यायला लागले. आणि काम करता करता ती मला त्या माणसाबद्दल विचारायची.

"नाव काय म्हणालीस त्यांचं?"

नाव मी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, सदाशिव.

"आणि मुलीचं?"

"बकुळा."

"तिची वेणी कोण घालतं मग? आजी आहे का?"

"आजी नाही. तेच घालतात, शाळेत जायच्या आधी."

"वेडीवाकडीच घालत असतील," अक्का म्हणाली आणि थांबून माझ्याकडे बघितलं. "आणखी काही सांगण्यासारखं असलं तर सांग की. मला काही वाईट वाटणार नाही."

मला वाटलं ती त्या माणसातला एखादा दोष विचारतेय. मी म्हटलं, थोडं टक्कल आहे. तिनं मान हलवली आणि पुढचा डबा घेतला.

असं तिनं मला बऱ्याचदा विचारलं. कधी शेल्फवर कागद अंथरताना, कधी खिडकीचे गज पुसताना. "अजून काही राहिलंय का सांगायचं?" मी दर वेळी काहीतरी नवीन सांगायची. मला त्यात गोडी वाटायला लागली होती. शनिवारपर्यंत सदाशिवाला घर होतं, घरामागं दोन पेरूची झाडं होती आणि त्याला मेथीची भाजी आवडत नव्हती.

शनिवारी दुपारी तिनं सासूबाईंची ट्रंक उघडली. ती ट्रंक त्या गेल्यापासून कोणी उघडली नव्हती. आतून तिनं हिरवं खणाचं कापड काढलं आणि म्हणाली, "पोरीला परकर होईल याचा. केवढी आहे ती?"

मी क्षणभर घुटमळले. हे मी कबूल करते. पण अजून मोरी घासायची राहिली होती आणि मागचं अंगणही. मी हात कमरेच्या थोडा वर धरला.

"एवढी?" अक्कानं माझ्या हाताकडे पाहिलं.

"एवढीच."

ती बराच वेळ त्या हाताकडे बघत होती. मग तिनं कापडाची घडी केली, ट्रंकेत परत ठेवली आणि मोरी घासायला गेली. त्या दिवशी नंतर तिनं मला काही विचारलं नाही. मला वाटलं दमली असेल.

रविवारी घर असं दिसत होतं की मलाच आत पाऊल टाकायला संकोच वाटावा. फरशीत तोंड दिसत होतं. अक्कानं न्हाऊन जांभळी साडी नेसली, शिरा केला, पुढच्या खोलीत दोन खुर्च्या मांडल्या आणि त्यांच्यासमोर पाट ठेवला. साडेतीनला रंगराव ठरल्याप्रमाणे फाट्यावर गेला. चार वाजले, साडेचार वाजले. अक्का कॉटच्या कडेला ताठ बसली होती आणि मी उगाच आतबाहेर करत होते. पाच वाजून गेल्यावर रंगराव आला, तोंडाला टपरीवरच्या चहाचा वास, आणि त्यानं दारातच सांगून टाकलं की पाहुणे काही येत नाहीत, निरोप आलाय, मुलाच्या आईला ताप आहे.

"मुलाच्या आईला?" अक्का म्हणाली. "शालन तर म्हणाली होती पोरीला आजी नाही."

रंगरावानं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे.

"बरं असू दे," अक्का उठली. "शिरा गार होतोय. बसा तुम्ही दोघं."

आम्ही स्वयंपाकघराकडे वळलो तर तिनं आम्हाला थांबवलं आणि त्या दोन खुर्च्यांकडे बोट दाखवलं. तिथं बसा, म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून आम्ही बसलो. ती आत गेली आणि पदर डोक्यावरून घेऊन, दोन बशा ट्रेमध्ये ठेवून बाहेर आली. तिनं आधी रंगरावापुढं ट्रे धरला, मग माझ्यापुढं. मग वाकून आम्हा दोघांना नमस्कार केला. तीस वेळा केलेला नमस्कार तो, त्यात एकही हालचाल इकडची तिकडं नव्हती. मग ती समोरच्या पाटावर बसली आणि नजर खाली घातली.

"विचारा," ती म्हणाली.

मी हसायचा प्रयत्न केला. म्हटलं, अक्का, पुरे आता, काय थट्टा लावलीय.

"विचारा की. नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का. घर किती स्वच्छ ठेवतेस, तेही विचारा. ते तर तुम्ही बघितलंच."

रंगराव शिऱ्याची बशी मांडीवर घेऊन बसला होता. त्याला ती धड ठेवताही येईना आणि खाताही येईना.

"आईचा म्हाळ घालून आठ दिवस झाले नाहीत, शालन," अक्का म्हणाली. "तूच पान वाढलंस, कावळ्याला घास ठेवलास. पितृपंधरवड्यात कुणी मुलगी बघायला येतं का? अगं, बैल बघायलासुद्धा जात नाही कुणी."

खरंच, माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. घटाआधी घर आवरायला हवं, एवढंच माझ्या डोक्यात होतं, आणि घटाआधीचे ते दिवस म्हणजे पितरांचे दिवस, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मी स्वतः वरणभाताचं पान वाढून कावळ्याची वाट बघत उभी राहिले होते, आणि त्याच आठवड्यात स्थळ घेऊन आले होते. खोटं बोलताना माणूस फक्त स्वतःची सोय बघतो.

"मग तुम्हाला मंगळवारीच कळलं होतं?" मी विचारलं.

"तू ह्याच रविवारी म्हणालीस तेव्हाच."

"मग घर कशाला आवरलंत?"

तिनं पहिल्यांदा मान वर केली. "तू कधी सांगतेस ते बघत होते. म्हटलं डबे घासून होईपर्यंत सांगेल. जळमटं काढून होईपर्यंत सांगेल. मी किती वेळा विचारलं तुला. काल तू पोरीची उंची दाखवलीस, मग मी विचारायचं सोडलं." मग ती रंगरावाकडे वळली. "तुला ठाऊक होतं का रे रंगा?"

रंगरावानं घसा साफ केला. "मला हिनं काल रात्री सांगितलं," तो म्हणाला. "मी म्हटलं होतं हे बरं नाही म्हणून."

मंगळवारी संध्याकाळी तो माझ्याबरोबर मोरीपाशी उभा राहून हसला होता. दोघांनी केलेलं पाप त्यानं एका वाक्यात माझ्या एकटीच्या पदरात टाकलं. आतून मी पेटले होते, आणि तो राग त्याच्यावर निघायला हवा होता.

अक्का पाटावरून उठली नव्हती. ती साध्या आवाजात म्हणाली, "स्थळ कशाला पाहिजे होतं गं? आई गेल्यापासून या घरात माझ्याशी कुणी बसून बोललंच नाही. धुळीत तारखा लिहून ठेवायचीस. एकदा नुसतं म्हणायचं होतंस, चला अक्का, दोघी मिळून आवरू. मी उठले असते. हे चार दिवस मी सदाशिवासाठी नाही काढले."

आता इथं मी रडले, तिच्या पाया पडले, असं सांगायला मला आवडलं असतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलंही होतं. पण समोर पाटावर बसलेल्या त्या बाईनं मला माझ्याच नवऱ्यासमोर उघडं पाडलं होतं, चार दिवस मला खेळवलं होतं, मी रचलेला एकेक धागा ओढत बसली होती, असंच मला त्या क्षणी वाटलं. मला हरणं कधी जमलं नाही. मी बशी खाली ठेवली आणि उभी राहिले.

"असू दे," मी म्हणाले. "झालं ना आता घर आवरून? जा, झोपा तुम्ही."

रंगरावानं नुसतं माझं नाव घेतलं, हळूच. पण शब्द बाहेर पडून गेले होते. अक्कानं पाट उचलून भिंतीला लावला, दोन्ही बशा मोरीत नेऊन विसळल्या, पालथ्या घातल्या, हात पुसले आणि जांभळ्या साडीनिशीच कॉटवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

शुक्रवारी घट बसले. शेजारपाजारच्या बायका हळदीकुंकवाला आल्या आणि डब्यांकडे, फरशीकडे बघून तोंडभर कौतुक करत राहिल्या. नोकरी करून एवढं कसं गं जमतं तुला, म्हणाल्या. मी म्हटलं, जमवायचं. अक्का चार हातांवर पडलेली होती, तिला सगळं ऐकू जात होतं.

त्या दिवसानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली असं नाही. विचारलं त्याचं उत्तर द्यायची, ताट दिलं की जेवायची. मी तिला दवाखान्यात नेलं, देवाला नेलं, तिच्यासाठी खऱ्या स्थळांची चौकशीही केली. माफी मात्र मागितली नाही. दर महिन्याला ठरवायची आणि दर महिन्याला शाळेचं काहीतरी निघायचं. हळूहळू डब्यांवर परत थर चढला.

पुढच्या वर्षी नवरात्राच्या आधी मी शाळेतून मुद्दाम चार दिवसांची रजा घेतली. सकाळी रंगराव कामावर गेल्यावर मी पदर खोचला, केरसुणी घेतली आणि कॉटपाशी जाऊन उभी राहिले. जे म्हणायला वर्षभर जीभ उचलली नव्हती ते मी म्हटलं.

"चला अक्का, दोघी मिळून आवरू."

तशीच भिंतीकडे तोंड ठेवून तिनं विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं.

"या वेळी कोण येणार आहे?"

"कुणी नाही अक्का. शपथ. आपण दोघीच."

"आपण दोघीच," ती म्हणाली. "हे बरं रचलंस." आणि तिनं चादर डोक्यावरून ओढून घेतली.